मेलेल्या माणसाचा अंगठा

हरणाबाईच्या नवऱ्याला सरकारनं पहिल्यांदा शेतकरी म्हटलं, तेव्हा तो हसला होता. २०१९ सालचा उन्हाळा तोंडावर होता. आटपाडीपासून सहा मैलांवर, उघड्या माळावर त्यांची वस्ती. केरबा आधार कार्ड, पासबुक आणि सातबारा पिशवीत घालून तलाठ्याकडं गेला आणि दुपारी परत आल्यावर अंगणात टेकता टेकता म्हणाला, "हरणे, आजपस्नं मी शेतकरी झालो. वर्साला तीन हप्ते येणार."

"आन मेंढरं?"

"त्यांचं कुणी इचारलंच न्हाई."

जमीन साडेचार एकर होती, पण पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर नुसती कुसळं. त्यांचं पोट मेंढरांवर होतं. हरणाबाई चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली ती थेट कळपामागं चालायलाच. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, कृष्णाकाठाला उतरायचं, बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, मालक देईल ते धान्य घ्यायचं आणि मिरगाला परत माळावर यायचं. तिचा मुलगा इंद्रजित पलूसच्या पुढं एका उसाच्या बांधावर जन्मला. चौथ्या दिवशी ती त्याला पाठीशी बांधून चालायला लागली होती. बाई काटक, बोलायला कमी. पण एकदा मनात घेतलं की ते तडीला नेल्याशिवाय तिला अन्न गोड लागायचं नाही.

मग माळावर कालव्याचं पाणी आलं. ज्यांनी जन्मात विहीर पाहिली नव्हती, ते डाळिंबाचे खड्डे काढायला लागले. इंद्रजितनंही दोन एकरांत डाळिंब लावायचं ठरवलं. त्याला पैसा पाहिजे होता आणि घरात पैसा म्हणजे मेंढरंच होती. बापाजवळ त्यानं दोन वेळा विषय काढला. केरबानं दोन्ही वेळा काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

त्या वर्षी केरबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून दिवाळीनंतर कळप बाहेर निघाला नाही. डिसेंबरात त्याला मिरजेला दवाखान्यात नेलं. हरणाबाई सोबत होती. आठ दिवसांनी दोघं एसटीनं परत आली. केरबाच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. तो घरात न जाता आधी मेंढरांकडं गेला. मेंढरं कोंडायची जाळी, ज्याला ते वाघर म्हणत, ती खुंट्यांवर तशीच ताणलेली होती. आत एकही मेंढरू नव्हतं. ऐंशी-पंच्याऐंशी मेंढरं इंद्रजितनं व्यापाऱ्याला विकली होती.

केरबानं चष्मा काढला, डोळे बारीक करून पुन्हा बघितलं, चष्मा परत लावला.  इंद्रजितनं समजूत काढायला तोंड उघडलं, तेव्हा तो म्हणाला, "डोळ्यात थेंब घालायची येळ झाली."

बारा-तेरा दिवस तो घरात बसून राहिला. एका सकाळी हरणाबाई पाणी घेऊन आली तेव्हा त्याचं घोंगडं, काठी आणि कागदांची पिशवी जागेवर नव्हती. तिला वाटलं, गेला असेल माळावर. संध्याकाळपर्यंत आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्यांनी शोधलं. खरसुंडीच्या यात्रेत शोधलं, आरेवाडीच्या बनात शोधलं, पाहुण्यारावळ्यांना फोन केले, पोलिसांत तक्रार दिली. मग मार्चात सगळा देशच बंद झाला आणि शोधायला बाहेर पडणंही संपलं. हरणाबाई उंबऱ्यात बसून राहायची. भर दुपारी, माळावर चिटपाखरू नसताना, तिला केरबाची मेंढरं वळवायची हाळी ऐकू यायची. ती उठून बाहेर जायची. सून राणी मागोमाग यायची आणि म्हणायची, "आत्ती, कुणी न्हाई. ऊन लय हाय, आत चला."

केरबा फोन घरीच ठेवून गेला होता. दर चार महिन्यांनी तो वाजायचा. राणी मेसेज वाचायची, "आबांचा हप्ता जमा झाला." पैसे केरबाच्या खात्यात पडायचे आणि तिथंच राहायचे, कारण काढायला त्याचा अंगठा पाहिजे. हरणाबाईला पैशाचं काही नव्हतं. पण तिला वाटायचं, सरकार म्हणतंय माणूस आहे, म्हणजे असेल.

२०२१ च्या भादव्यात खटाव तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यातून फोन आला. वडूजच्या अलीकडं एका पाझर तलावात म्हाताऱ्याचं प्रेत सापडलं होतं. वय साठ-पासष्ट, अंगावर घोंगडं. इंद्रजित चुलतभावाला घेऊन मोटारसायकलवरून गेला. चुलतभावाला वास सोसला नाही, तो बाहेरच थांबला. इंद्रजित एकटा आत गेला आणि बाहेर येऊन त्यानं मान हलवली. तिथंच अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी तो अस्थींचं गाडगं घेऊन वस्तीवर आला.

"मला का न्हेलं न्हाईस?" हरणाबाईनं विचारलं.

"बघण्यासारखं न्हवतं, आये. पाण्यात हुतं चार दिस."

"तूच बघितलंस न्हवं नीट?"

"बघितलं."

बायका जमल्या. तिच्या बांगड्या फोडल्या, डोरलं उतरवलं. दहावा झाला, तेरावा झाला. भिंतीवर फोटो लागला. मृत्यूचा दाखला आला, पण इंद्रजितनं घाईत बापाचं नाव 'केरू' सांगितलं होतं, कारण सगळे त्याला तेच म्हणत, आणि सातबाऱ्यावर होतं 'केरबा'. त्यामुळं वारसनोंद अडून राहिली. दुरुस्तीला हेलपाटे घालायचे म्हणून इंद्रजितनं ते आज-उद्यावर टाकलं. जमीन केरबाच्याच नावावर राहिली.

आणि फोन वाजतच राहिला. तेराव्यानंतर तीन-चार महिन्यांनी राणीनं मेसेज वाचला आणि ती अडखळली. "कुणाचा?" हरणाबाईनं विचारलं. राणी म्हणाली, "आबांचा." त्या दिवशी हरणाबाई जेवली नाही. पुढं असं दोन-तीन वेळा झालं. फोन वाजला की ती फोटोकडं बघायची. इंद्रजितला म्हणायची, "जाऊन सांग की त्यास्नी, माणूस गेला म्हणून." तो म्हणायचा, "सांगतो."

मग सरकारनं नियम काढला, हप्ता पाहिजे तर प्रत्येकानं केवायसी करायची. म्हणजे आधार कार्ड घेऊन जायचं आणि यंत्रावर अंगठा ठेवून मीच तो हे पटवून द्यायचं. केरबाचा अंगठा राखेत गेला होता. हप्ते थांबले. अडीच वर्षं फोन गप्प राहिला. हरणाबाईला दुपारची हाळीही ऐकू येईनाशी झाली. मधल्या काळात डाळिंबं धरली, नातीला, शिवांजलीला, शाळेत घातलं. घर चालू लागलं होतं.

२०२५ च्या मे महिन्यात, सकाळी भाकरी थापताना, तो फोन वाजला. एकदा, मग परत, मग परत. राणीनं हात पुसून बघितलं. थांबलेले हप्ते एकामागून एक केरबाच्या खात्यात जमा झाले होते.

तव्यावरची भाकरी करपली. दोघींपैकी कुणीच ती उलटली नाही.

राणी सासूला घेऊन आटपाडीत सेवा केंद्रावर गेली. तिथं बाळासो नावाचा ओळखीचा माणूस कॉम्प्युटरवर बसायचा. त्यानं नंबर घातला, बराच वेळ बघितलं, मग खुर्ची मागं सरकवली.

"केवायसी झालीया," तो म्हणाला. "आठ दिस झालं."

"कुणी केली?"

"ज्याचा अंगठा हाय त्यानं. फोनवरच्या नंबरानं झाली न्हाई ही, अंगठ्यानं झालीया. दुसऱ्याचा अंगठा ह्ये यंत्र घेत न्हाई, मावशी."

"कुठं झाली?"

"तारीख दिसती. गाव दिसत न्हाई."

हरणाबाई बाकावर बसली. बाळासोनं पाणी दिलं ते तिनं हातात धरून ठेवलं.  गेली चार वर्षं ती ज्याच्या नावानं पान वाढत होती, तो कुठंतरी कुणापुढं तरी बसून अंगठा टेकत होता.

चार दिवसांनी परत मेसेज आला. खात्यातून पैसे काढले गेले होते. आता मात्र गाव कळण्यासारखं होतं. बँकेतल्या बाईंनी नोंद बघून सांगितलं, तासगावजवळच्या एका गावातल्या केंद्रावर पैसे दिलेत. केंद्राचं नावही दिलं.

इंद्रजितला हे सांगितलं तेव्हा तो डाळिंबावर औषध मारून आला होता. पंप पाठीवरून न उतरवताच तो ओट्यावर बसला.

"यंत्राची चूक आसंल," तो म्हणाला.

"आसंल. आमी बघून येतो."

"मी येत न्हाई."

"तुला कोण बलवतंय," हरणाबाई म्हणाली.

सासू-सुना सकाळच्या एसटीनं भिवघाटमार्गे तासगावला गेल्या आणि तिथून वडापच्या जीपनं त्या गावात. केंद्र चालवणारी मुलगी संयोगिता नावाची. तिला लगेच आठवलं. "ते शेडवरचे आजोबा व्हय? गावात शिबीर होतं, तेव्हा पिशवीतनं आधार कार्ड काढून विचारत होते, ह्याचं काय होतं का बघ म्हणून. मीच अंगठा घेतला त्यांचा. दोन मेंढरं घ्यायची होती त्यांना."

लालासाहेब नावाच्या बागायतदाराचं बेदाणा शेड गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडं होतं. हंगाम संपत आला होता. हिरव्या जाळ्यांच्या मजल्यांवर शेवटची द्राक्षं वाळत होती आणि हवेत गंधकाचा वास होता. शेडच्या मागं बाभळीला दोन मेंढरं बांधलेली आणि त्यांच्याजवळ केरबा उकिडवा बसलेला. तो वाळला होता, दाढी वाढली होती. पायांचा आवाज आला तसं त्यानं वर बघितलं. आधी तोंड बघितलं, मग कपाळ, मग मोकळे हात. आणि त्याला कळलं.

"कवा मेलो मी?" त्यानं विचारलं.

"चार वर्सं हुत आली. भादव्यात."

"कशानं?"

"पाण्यात."

तो थोडा वेळ मेंढराच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "कुणी वळखलं?"

"इंद्रानं."

राणी बाजूला जाऊन शेडच्या खांबाला टेकून रडत होती. हरणाबाई रडली नाही. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"आवं, इतक्या जवळ हुता. एकदा तरी सांगावा धाडायचा."

"वरीसभर वाट बघितली. मला वाटलं, कुणीतरी येईल न्यायाला." त्यानं शेडकडं हात केला. "मग ही राखण मिळाली. मग वाटलं, मेंढरं गेली तसा मीबी गेलो. कुणाचं काय अडलंय."

"आमी शोधलं. लय शोधलं."

"व्हय का," तो म्हणाला. त्याला ते खरं वाटलं की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

ती त्याला घरी चला म्हणाली. तो नको म्हणाला. ज्या घरानं तेरावा घातला त्या घरात कुठल्या तोंडानं जायचं, असं त्याचं म्हणणं. दिवस कलायला लागला तशी ती उठली, पदर झटकला, आणि तेव्हाच तिच्या तोंडून तो प्रश्न निघाला, जो बँकेतून निघाल्यापासून तिच्या पोटात होता.

"मग त्यो कोण हुता?"

केरबानं वर बघितलं.

"ज्याला आमी अग्नी दिला, त्यो. त्याचंबी घर आसंल कुठं. त्याची बाय माझ्यागत उंबऱ्यात बसली आसंल."

केरबानं मेंढरांकडं तोंड फिरवलं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक टेम्पो वस्तीच्या वाटेला थांबला. त्यातून दोन मेंढरं उतरली आणि मागोमाग केरबा उतरला. शिवांजलीनं त्याला भिंतीवरच्या फोटोतच बघितलं होतं. ती किंचाळून आईच्या मागं लपली आणि पुढं कितीतरी दिवस तो अंगणात असला की बाहेर यायची नाही.

इंद्रजित बापासमोर उभा राहिला.  हरणाबाईनं त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "खरं सांग. बघितलंवतंस का नीट?"

इंद्रजित ओट्याच्या कडेला टेकला.

"त्याच्या हातावर गोंदलेलं हुतं," तो खाली बघून म्हणाला. "डाव्या हातावर. 'चंद्रा' आसं. आबांच्या हातावर काय न्हवतं, मला ठावं हुतं."

"मग?"

"दीड वरीस झालं हुतं, आये. तू ऊन बघत न्हवतीस, पाऊस बघत न्हवतीस, वाटंकडं तोंड करून बसायचीस. माझ्यामुळं गेलं हे लोक तोंडावर म्हणायचे. त्या माणसाचं तोंड राहिलंच न्हवतं. पोलीस म्हणाले, वळखताय का. मला वाटलं, व्हय म्हणावं आन संपवावं." तो थांबला. "जमिनीचंबी मनात न्हवतं आसं न्हाई."

केरबानं ऐकून घेतलं आणि मेंढरांना पाणी दाखवायला गेला. बाप-लेक त्या दिवसापासून आजपर्यंत एकमेकांशी बोललेले नाहीत. केरबा घरात झोपत नाही. त्यानं रानाच्या कडेला पत्र्याचं छप्पर घातलंय. जेवण हरणाबाई तिथं नेऊन देते. तिनं परत कुंकू लावलं, पण गावातल्या काही बायका अजून हळदी-कुंकवाला तिच्यापाशी येऊन थबकतात.

दाखला रद्द करायला पाहिजे, असा धोसरा तिनंच लावला. वकिलानं सांगितलं, मुलावर गुन्हा होऊ शकतो. राणीनं पाय धरले. हरणाबाई म्हणाली, "त्यानं केलंय ते त्यानं भोगावं. त्या माणसाला आपल्या नावाखाली ठिवायचं न्हाई." केरबा तहसीलदारांपुढं उभा राहिला. कारकुनानं कॉम्प्युटर बघून सांगितलं, हप्त्याच्या यादीत हे गृहस्थ कधी मयत झालेलेच नाहीत. इंद्रजितनं पोलिसांत जबाब दिला. प्रकरण कोर्टात आहे.

ठाण्यातल्या जुन्या फायलीतला फोटो हरणाबाईनं बघायला मागितला. हवालदार म्हणाला, नको मावशी. तिनं बघितलाच. तोंडाचं काही कळत नव्हतं. हात मात्र स्पष्ट होता, हिरव्या अक्षरांचा. तिच्या सांगण्यावरून राणीनं फक्त हाताचा फोटो मोबाईलमध्ये घेतला. फायलीवर आता पुन्हा 'अनोळखी' असा शेरा पडलाय.

त्यानंतर हरणाबाईचा जीव त्या नावात अडकला. आटपाडीच्या बाजारात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, बाई शेजारी बसली की ती विचारायची, "तुमच्यात कुणी चंद्रा हाय का? घरधनी बाहीर गेलाय आन आला न्हाई, आशी?" लोकांना वाटायचं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. भादव्यात तिनं त्याच्यासाठी पान वाढलं. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून नुसतं 'चंद्राचा मालक' म्हणाली. दुपारची हाळी तिला परत ऐकू यायला लागली होती, पण आवाज आता केरबाचा नव्हता.

यंदा पौषात खरसुंडीच्या यात्रेत एका कासारणीनं सांगितलं, वडूजच्या बाजूला एका गावात चंद्राबाई म्हणून आहे, तिचा नवरा वीटभट्टीवर जातो म्हणून गेला त्याला पाच-सहा वर्षं झाली. हरणाबाई एकटीच गेली. राणीचा फोन तिनं बरोबर घेतला होता.

चंद्राबाई पन्नाशीची, शेळ्या राखणारी. घर दोन खणांचं, सारवलेलं. तिनं अनोळखी पाहुणीला घोंगडं टाकलं, चहा ठेवला. हरणाबाईनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. चंद्राबाई चुलीकडं तोंड करून ऐकत होती. गोंदणाचं निघालं तेव्हा तिनं विचारलं, "कुठल्या हातावं?"

"डाव्या."

चहा उतू गेला. तिनं भांडं उतरवलं, चुलीवर पाणी शिंपडलं.

"आमच्या मालकाच्या उजव्या हातावं हाय," ती म्हणाली.

हरणाबाईनं फोन पुढं केला. "एकदा बघा."

"नको."

"बघा तरी. मनाला—"

"नको म्हणलं न्हवं, बाई." तिचा आवाज चढला नाही. "त्यांचा हप्ता थांबलाय. अंगठा पायजे म्हणत्यात. आले की देतील अंगठा, मग चालू हुईल. तलाठी म्हणालाय तसं."

हरणाबाईला कळलं की ही खोटं बोलतेय, आणि हेही कळलं की आपण आता आणखी काही बोलायचं नाही. तिनं फोन पिशवीत टाकला. चहा प्याली. शेळ्यांचं, चाऱ्याचं, गुडघ्यांचं बोलणं झालं. निघताना चंद्राबाईनं करंडा आणला, रीतीप्रमाणं तिला हळद-कुंकू लावलं आणि स्वतःचं कपाळ पुढं केलं.

हरणाबाईचा हात क्षणभर थांबला. मग तिनं बोट बुडवून कुंकू लावलं, नीट, मधोमध.

वडूजच्या स्टँडवर तिला आटपाडीची गाडी तासाभरानं मिळाली. घरी केरबानं विचारलं, "घावली का?" ती म्हणाली, "न्हाई."

पोलिसांना तिनं अजून त्या गावाचं नाव सांगितलेलं नाही. सांगायचं, असं ती सकाळी ठरवते आणि भाकरी घेऊन छपराकडं जाईपर्यंत तिचा विचार मोडलेला असतो. मागच्या महिन्यात चंद्राबाईचा निरोप आला, गुडघ्याला लावायचं तेल कुठं मिळतं म्हणून. हरणाबाईनं दोन बाटल्या घेऊन ठेवल्यात. एसटीनं कुणी तिकडं जाणारं असलं की द्यायच्या म्हणते, पण बहुधा ती स्वतःच जाईल.